गल्लीतला रस्ता आधी कागदावर होतो

गल्लीत सिमेंटचा रस्ता होणार म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात: कधी होणार आणि कुणाच्या फंडातून. किती जाड होणार आणि त्याआधी किती खोदणार, हे मात्र कुणी विचारत नाही. रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात उखडला की ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडली जातात. ठेकेदाराचा दोष असतोही, पण बऱ्याचदा मिक्सर गल्लीत येण्याच्या कितीतरी आधी, नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातल्या दोन-चार पानांवर तो रस्ता बिघडलेला असतो.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि बऱ्याच गावांत कित्येक वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर पुन्हा सभागृह भरलं. आता प्रत्येक प्रभागात 'आमची गल्ली कधी' सुरू झालं आहे. म्हणून एका साध्या रस्त्याची फाईल कुठून कुठे जाते आणि तिच्यात काय बघायचं, ते इथे सांगतो.

आधी पैसा. नगरपरिषदेचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं वगैरे. त्यातला मोठा भाग पगार, वीजबिल आणि सफाईत जातो. त्यामुळे गल्लीतले रस्ते सहसा बाहेरच्या निधीतून होतात: नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समितीचा निधी, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी. प्रत्येक निधीला स्वतःच्या अटी असतात. वस्ती सुधारचा पैसा त्या वस्तीबाहेर वापरता येत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, तो रस्त्यावर टाकता येत नाही. 'पैसे आलेत पण आमच्या गल्लीला नाहीत' याचं कारण दर वेळी राजकारणच असतं असं नाही. कधी कधी ते खरोखर लेखाशीर्षच असतं, म्हणजे पैसा कशावर खर्चायचा हे आधीच ठरवलेलं खातं. (कधी कधी राजकारणही असतं, हे सांगायला नकोच.)

एक गैरसमज इथेच काढून टाकू. नगरसेवक रस्ता 'मंजूर करत' नाही. तो विषय मांडतो, सूचक किंवा अनुमोदक होतो, मत देतो, प्रश्न विचारतो. मंजुरी सभागृहाच्या ठरावाची, सही मुख्याधिकाऱ्याची आणि अंदाजपत्रक अभियंत्याचं. म्हणून गल्लीचा अर्ज नुसता नगरसेवकाच्या हातात देऊ नका. तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावक कक्षात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या आणि मग ती प्रत नगरसेवकाला द्या. नुसतं तोंडी सांगितलेलं काम विसरलं गेलं तरी कुणाला जबाब द्यावा लागत नाही. आवक क्रमांक असला की निदान विचारता येतं.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी निघते. तिच्यात कामाचं नाव वाचताना डोळे उघडे ठेवा, कारण आपल्याकडे कामांना नावं पडतात ती अशी: 'प्रभाग क्र. ७ मध्ये अमुक यांचे घर ते तमुक यांचे दुकान रस्ता काँक्रीटीकरण करणे'. माणूस घर विकून गेला तरी कामाच्या नावात तो राहतो. यात दोन धोके आहेत. एकाच रस्त्याचे तुकडे पाडून तीन लहान कामं करायची, म्हणजे प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेखाली राहतं. दुसरा धोका याहून वाईट: 'हनुमान मंदिर ते पाण्याची टाकी' आणि 'टाकी ते शाळेची भिंत' ही दोन नावं प्रत्यक्षात एकाच पट्ट्याची निघतात. नावाबरोबर लांबी, रुंदी आणि दोन्ही टोकांची नकाशावरची खूण मागितली की हे लगेच उघडं पडतं. 'आयत्या वेळच्या विषयां'त घुसवलेली कामं विषयपत्रिकेत दिसतच नाहीत, म्हणून सभेनंतरचं इतिवृत्तही बघावं. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. गावोगावच्या बातम्यांत '३०८ दाखल' असं जे वाचता, ते हेच.

आता अंदाजपत्रक. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: अंदाजपत्रकात जी बाब नाही, ती जागेवर होत नाही. ठेकेदार कितीही सज्जन असला तरी ज्याचे पैसे मिळणार नाहीत ते काम तो का करील?

एक उदाहरण घेऊ. गल्ली १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद. रस्त्याची जाडी १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंच. काँक्रीट किती लागेल? १०० गुणिले ३ गुणिले ०.१५, म्हणजे ४५ घनमीटर. खाली खडी-मुरमाचा १५० मिमीचा थर असेल तर तोही दाबून ४५ घनमीटर, म्हणजे सुमारे १६ ब्रास. दाबण्याआधीचा सुटा माल त्याहून जास्त लागतो. आणि रस्त्याची पातळी आज आहे तिथेच ठेवायची असेल तर काँक्रीट आणि थर मिळून ३०० मिमी, म्हणजे एक फूट खोल खोदावं लागेल: ९० घनमीटर माती बाहेर.

सगळ्यात जास्त गाळली जाते ती ही खोदाईचीच बाब. जुन्या डांबरावर किंवा जुन्याच काँक्रीटवर नवा थर ओतला की काम स्वस्त होतं, लवकर होतं आणि फोटोत सारखंच दिसतं. पण दर वेळी रस्ता अर्धा-पाऊण फूट वर येतो. जुन्या पेठांमध्ये फिरा. ज्या घरांना एके काळी तीन पायऱ्या चढून जावं लागायचं, तिथे आता एक पायरी उतरून आत जावं लागतं. जोतं रस्त्याखाली गेलं की पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत येतं, न्हाणीघराचं पाणी गटारात उतरत नाही आणि भिंतींना ओल धरते. घरमालक मग दारापुढे सिमेंटचा उंचवटा बांधतो. त्यानं पाणी शेजाऱ्याकडे वळतं आणि रस्त्याचं भांडण घराघरांत शिरतं. म्हणून अंदाजपत्रकात दोन बाबी शोधा: 'खोदकाम' आणि 'जुना रस्ता उखडून काढणे'. नसतील तर काम सुरू होण्याआधी लेखी हरकत द्या. काँक्रीट पडल्यावर दिलेल्या हरकतीचा उपयोग फक्त फाईल जाड होण्याला.

काळ्या मातीच्या गावांत, म्हणजे मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत, खोदाईला आणखी एक कारण आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर खालची जमीन हलते आणि वरचा कडक थर मोडतो. माती काढून मुरूम भरायचा, थरथरानं पाणी मारून रोलरनं दाबायचा, मगच खडी. अरुंद बोळात मोठा रोलर जात नाही. तिथे लहान रोलर किंवा प्लेटचं दाबयंत्र लागतं. 'रोलर जात नव्हता म्हणून दाबलं नाही' हे उत्तर चालवून घेऊ नये.

जाडीचं गणित थोडं फसवं आहे. १५० ऐवजी १२० मिमी ओतलं तर काँक्रीट २० टक्के वाचतं. पण वाकताना भार पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ती घटते सुमारे ३६ टक्क्यांनी. जेमतेम सव्वा इंच चोरला की रस्त्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद गेली. चोरी बहुधा मधोमध होते. कडेला साचा पूर्ण सहा इंचांचा दिसतो, पण मध्ये खालचा थर उंचवटा करून ठेवलेला असतो. ओतण्याआधी दोन्ही बाजूंच्या साच्यांवर आडवी दोरी ताणा आणि मध्ये टेप लावा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त उताराचा हिशेब धरा: रस्ता मध्ये उंच ठेवून दोन्हीकडे २ टक्के उतार दिला असेल, तर तीन मीटरच्या गल्लीत मध्य कडेपेक्षा ३ सेंटिमीटर वर असतो. तेव्हा दोरी ताणताना मध्ये तेवढी वर उचलून मग मापायचं.

रस्त्याआधी जमिनीखालचं काम. नळाची लाईन, भुयारी गटार आणि प्रत्येक घराचं कनेक्शन आधी बदलून घ्यायचं आणि आडवे रिकामे पाईप पुढच्या गरजेसाठी टाकून ठेवायचे. हे सगळ्यांना कळतं, तरी होत नाही, कारण पाणीयोजनेचा निधी वेगळा, रस्त्याचा वेगळा आणि रस्त्याचा आधी येतो. गल्लीतल्या लोकांनी स्वतःपुरतं एक करावं: ज्यांची जुनी लोखंडी नळजोडणी गंजली आहे त्यांनी ती रस्त्याआधी बदलून घ्यावी. नंतर रस्ता कापायला परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं आणि कापलेला पट्टा पुन्हा कधीच एकजीव होत नाही.

बोळ दोन मीटरचाच असेल आणि खाली पाईपांचं जाळं असेल तर काँक्रीटचा हट्ट सोडून पेव्हर ब्लॉक मागावेत. उचलता येतात, पाईप दुरुस्त करून पुन्हा बसवता येतात. फक्त जिथे गाड्या जातात तिथे ८० मिमीचे घ्यावेत, ६० मिमीचे नकोत. आणि दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात.

प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम एवढ्या पैशांत करायला हरकत नाही'. तांत्रिक मान्यता म्हणजे 'यातली मापं, दर आणि पद्धत बरोबर आहे'. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून घेतात. वर १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर येतो. मग निविदा. तांत्रिक लिफाफा आधी उघडतो आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतात. इथे लोक एक आकडा चुकीचा वाचतात. '२२ टक्के कमी दरानं निविदा, नगरपरिषदेची बचत' अशी बातमी येते. दरसूचीत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो हे खरं, पण इतका खालचा दर भरणारा ती रक्कम कुठून काढणार? सिमेंट, जाडी किंवा खोदाई यांतूनच. फार कमी दर भरणाऱ्याकडून जास्तीची सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद त्याचसाठी आहे. ती घेतली का, हे बचतीच्या बातमीपेक्षा महत्त्वाचं.

कार्यारंभ आदेश निघाला की माहितीफलक लागला पाहिजे: कामाचं नाव, रक्कम, योजना, ठेकेदार, मुदत, दोष दायित्व कालावधी (तो काय, ते शेवटी सांगतो). फलक बहुधा काम संपल्यावर लागतो. आधी मागा.

आता ओतण्याचा दिवस. मोठ्या गावांत तयार काँक्रीटची गाडी येते. ड्रम सहा घनमीटरचा असेल तर ४५ घनमीटरला आठ खेपा. सहा खेपांत गल्ली संपली तर नऊ घनमीटर कुठे गेलं ते विचारा. लहान गावात जागेवर मिक्सर लावतात. एम-२० प्रतीचं काँक्रीट १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात करायचं तर घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे आपल्या गल्लीला ३६० गोण्या. रिकाम्या गोण्या मोजणं हे कुठलीही प्रयोगशाळा न लागणारं परीक्षण आहे. प्रयोगशाळेत चाचणी करून ठरवलेल्या मिश्रणात, म्हणजे डिझाईन मिक्समध्ये, आकडा वेगळा असतो. तो अहवाल अभियंत्याकडून आधी मागून घ्यावा.

सिमेंटपेक्षा जास्त नुकसान पाणी करतं. या प्रमाणाला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. पातळ काँक्रीट पटकन पसरतं, मजुराला सोपं जातं, म्हणून बादलीवर बादली पडते. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. वर सिमेंटचा पातळ साय-थर येतो आणि तो पहिल्याच वर्षी धूळ होऊन उडतो. रस्त्यावरची खडी उघडी पडली आहे असं जिथे दिसतं, तिथे बहुधा हेच झालेलं असतं. काँक्रीट पसरून नुसत्या फळीनं सपाट केलं तरी आत हवा राहते, व्हायब्रेटर हवाच.

नंतर सांधे. काँक्रीट वाळताना आकसतंच, त्याला तडा जाणारच. तो कुठे जावा हे आपण ठरवायचं. म्हणून दर ३ ते ४ मीटरवर यंत्रानं आडवी चीर मारतात, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे १५० मिमीला सुमारे ४० ते ५० मिमी खोल. दर चार मीटरवर धरलं तर १०० मीटरला २४ चिरा. उन्हाळ्यात त्या त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पडायला हव्यात. आठवड्यानं कटर आला तर तडे आपल्या आवडीच्या जागी आधीच जाऊन बसलेले असतात. करणीनं वरवर ओढलेल्या रेघा म्हणजे सांधे नव्हेत.

आणि पाणी मारणं. निदान १४ दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा. मातीचे वाफे करून अडीच सेंटिमीटर पाणी साठवायचं तर आपल्या ३०० चौरस मीटरला एका भरावाला ७,५०० लिटर लागतात. आता हे मार्चशी जोडून बघा. निधी खर्चाची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून कामांची झुंबड फेब्रुवारी-मार्चमध्ये उडते. ऊन तापलेलं, वारा कोरडा आणि नळाला पाणी नाही. मनमाडसारख्या गावांनी वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी आलेलं पाहिलं आहे. तिथे रस्त्याला पाणी कोण मारणार? टँकरचा खर्च दरात धरलेला असतो, पण टँकर दोन दिवस येतो आणि मग दिसत नाही. ओली पोती अंथरून ठेवली तर पाणी बरंच कमी लागतं. वेळ हातात असेल तर दुपारच्या उन्हात ओतणं टाळून संध्याकाळी ओतायला लावावं.

तपासणीसाठी १५० मिमीचे घनाकृती ठोकळे भरतात. ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे, म्हणजे आपल्या गल्लीला बारा. एम-२० असेल तर २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद भरली पाहिजे. ठोकळ्यांची गंमत अशी की ते 'वेगळ्या' घमेल्यातून भरता येतात. म्हणून ते गल्लीतल्या दोन माणसांसमोर भरले जावेत, वर तारीख कोरली जावी आणि फोटो काढून ठेवावा. शंका असेलच तर झालेल्या रस्त्यातून गोल गाभा कापून जाडी आणि ताकद दोन्ही तपासता येतात. त्यापुढे कागदावरचं माप टिकत नाही.

काम झालं की अभियंता मापपुस्तिकेत मापं लिहितो. लोक तिला एमबी म्हणतात आणि बिल तिच्यावरूनच निघतं. खोदाई आणि खालचा थर झाकला जाण्याआधीच मापायला हवा. सगळी मापं एकाच तारखेला लिहिलेली दिसली तर ती बहुधा खुर्चीत बसून लिहिलेली असतात.

हे सगळं माहिती अधिकारात मिळतं. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रतींना पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'रस्त्याची सर्व माहिती द्या' असं लिहू नका. असं लिहा: 'अमुक ते तमुक रस्ता काँक्रीटीकरण या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मापपुस्तिकेची संबंधित पानं, ठोकळ्यांचा चाचणी अहवाल आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' याच कायद्याच्या कलम २ मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फार थोडे लोक वापरतात. उत्तर आलं नाही तर ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा. तक्रारीसाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो.

राहिला दोष दायित्व कालावधी. या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि त्याची सुरक्षा ठेव तोवर नगरपरिषदेकडे अडकलेली असते. किती वर्षं, ते करारात लिहिलेलं असतं. मुदत संपली की ठेव परत मागायचा अर्ज ठेकेदार विसरत नाही. त्याआधी दोन महिने गल्लीत एक फेरी मारा, तडे, खचलेली चेंबरची झाकणं, साचलेलं पाणी यांचे टेप लावून फोटो काढा आणि मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या: 'सदर दोष दुरुस्त होईपर्यंत सुरक्षा ठेव परत करू नये.' प्रत लेखापालांना. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक.